गाडीचा टेम्परेचर काटा विचित्र वागतोय? इंजिन खरंच तापलंय की काटा खोटं बोलतोय, हे कसं ओळखायचं

मागच्या दिवाळीत बाबांनी जवळपास ठरवलंच होतं की गाडी काढून टाकायची. २०११ ची छोटी पेट्रोल हॅचबॅक. तक्रार एकच होती. संध्याकाळी घरी येताना टेम्परेचरचा काटा पाऊण भागाच्या वर जायचा, कधी कधी तर लाल पट्टीला टेकायचा. सकाळी त्याच रस्त्याने जाताना मात्र शहाण्यासारखा मध्यावर उभा. गॅरेजवाल्यांनी आधी रेडिएटर बदलला, साडेचार हजार गेले. मग थर्मोस्टॅट बदलला. फरक काहीच नाही. शेवटी निकाल लागला, “हेड गॅस्केट गेलंय साहेब, हेड उतरवायला लागेल. वीस हजार धरून चाला.”

एवढ्या जुन्या गाडीवर वीस हजार घालायचे की ती मिळेल त्या भावाला द्यायची, यावर घरात आठवडाभर चर्चा चालली होती. मी मेकॅनिक नाही, सॉफ्टवेअरवाला आहे. पण एक गोष्ट मला खटकत होती. इंजिनला सकाळ आहे की संध्याकाळ हे कसं कळतं?

उत्तर पुढे येईलच. पण त्या शोधात जे कळलं ते जुनी गाडी वापरणाऱ्या प्रत्येकाच्या कामाचं आहे, आणि त्यातलं बरंचसं खिशातल्या फोनवर तपासता येतं, म्हणून हा लेख.

आधी हे: काटा आत्ता लाल पट्टीत असेल तर

हा लेख रस्त्याच्या कडेला उभं राहून वाचत असाल तर एवढंच वाचा. एसी बंद करा. काटा नेहमीपेक्षा वर आहे पण लालमध्ये गेलेला नाही आणि वाफ दिसत नाही, तर हीटर पूर्ण गरमवर आणि ब्लोअर फुल करा. उन्हाळ्यात वेडेपणा वाटेल, पण हीटर म्हणजे एक छोटा दुसरा रेडिएटरच असतो, तो इंजिनची उष्णता केबिनमध्ये ओढून घेतो. तेवढ्यात सुरक्षित जागा बघून गाडी बाजूला घ्या. काटा लालमध्ये गेला असेल किंवा बोनेटमधून वाफ येत असेल, तर इंजिन लगेच बंद.

रेडिएटरचं झाकण उघडू नका. आत दाबाखाली पाणी असतं. बऱ्याच गाड्यांच्या कॅपवर ०.९ किंवा १.१ बार असं छापलेलं असतं. ०.९ बार जादा दाबाखाली साधं पाणीसुद्धा १०० नाही, तर जवळपास ११८ अंशांना उकळतं. झाकण फिरवलं की दाब जातो आणि ते सगळं पाणी एका क्षणात उकळून तोंडावर येतं. घाटात दरवर्षी कुणी ना कुणी असं भाजतं. किमान अर्धा-पाऊण तास थांबा, वरचा जाड रबरी पाइप हाताला सोसवेल इतका गार झाला की मगच कपडा धरून हळूहळू उघडा. तापलेल्या इंजिनवर बादलीभर गार पाणी ओतू नका, ब्लॉक किंवा हेड तडकू शकतं. आणि इंजिन बंद असलं तरी पंख्याजवळ हात नको, तो मध्येच आपोआप सुरू होऊ शकतो.

काटा नेमकं काय दाखवतो?

इंजिनच्या आत पाणी जिथून फिरतं तिथे एक छोटा सेन्सर बसवलेला असतो. त्याच्या आत थर्मिस्टर असतो, म्हणजे तापमान वाढलं की ज्याचा विद्युत रोध कमी होतो असा तुकडा. अनेक पेट्रोल गाड्यांमध्ये हा रोध २० अंशांना साधारण दोन-अडीच हजार ओहम असतो आणि ८० अंशांना तीनशेच्या आसपास उतरतो. गाडीनुसार आकडे बदलतात, पण दिशा हीच. गरम झालं की रोध कमी, रोध कमी झाला की काटा वर.

आता महत्त्वाची गोष्ट. जुन्या गाड्यांमध्ये असे दोन वेगवेगळे सेन्सर असतात. एक इंजिनच्या कॉम्प्युटरसाठी, म्हणजे ईसीयूसाठी. त्यावरून किती पेट्रोल सोडायचं, पंखा कधी लावायचा हे ठरतं. दुसरा फक्त डॅशबोर्डवरच्या काट्यासाठी. या दुसऱ्याला बऱ्याचदा एकच वायर असते, कारण त्याची अर्थिंग इंजिनच्या धातूतूनच पूर्ण होते. (ही एक वायर लक्षात ठेवा, आमची गोष्ट तिथेच अडकली होती.) अलीकडच्या गाड्यांमध्ये एकच सेन्सर असतो आणि ईसीयू डॅशबोर्डला आकडा कळवतो.

दुसरी गंमत म्हणजे बऱ्याच गाड्यांतला काटा मुद्दाम ‘शांत’ केलेला असतो. खरं तापमान ८० आणि १०० च्या मध्ये कुठेही फिरत असलं तरी काटा मध्यावर चिकटून राहतो, म्हणजे तुम्ही-आम्ही उगाच घाबरत नाही. कंपनीच्या दृष्टीने हे ठीक आहे. पण याचा अर्थ असा की काटा मध्यावरून हलायला लागतो तेव्हा आत बरंच काही घडून गेलेलं असतं.

फोनवर खरा आकडा बघा

स्टिअरिंगच्या खाली, ड्रायव्हरच्या गुडघ्याच्या वर कुठेतरी सोळा पिनांचं एक सॉकेट असतं. त्याला ओबीडी पोर्ट म्हणतात. त्यात लावायचा ईएलएम३२७ नावाचा छोटा डोंगल ऑनलाइन काहीशे रुपयांत मिळतो. फोनवर ‘टॉर्क’ किंवा ‘कार स्कॅनर’सारखं ॲप टाकायचं, ब्लूटूथने जोडायचं (पासवर्ड बहुतेक १२३४ किंवा ००००), आणि कूलंट टेम्परेचर निवडायचं. आयफोन असेल तर साधा जुना ब्लूटूथ डोंगल चालत नाही, वायफाय किंवा ब्लूटूथ एलई वाला घ्यावा लागतो. हे न बघता घेतलेला एक डोंगल माझ्या ड्रॉवरमध्ये आहे.

मागे काय चालतं ते सांगतो, कारण ते मजेशीर आहे. ॲप गाडीला ‘०१ ०५’ असा प्रश्न पाठवतं. म्हणजे ‘चालू माहितीतली पाचवी गोष्ट दे’. गाडी उत्तर देते ‘४१ ०५ ८०’. यातला शेवटचा ८० हा सोळाच्या पटीतला, हेक्साडेसिमल आकडा आहे. आपल्या पद्धतीने तो होतो १२८. त्यातून ४० वजा केले की ८८. इंजिनचं पाणी ८८ अंश सेल्सिअस. ४० वजा करायचे कारण मोजणी उणे ४० पासून सुरू होते. म्हणूनच ॲपमध्ये तापमान उणे ४० दिसलं तर गाडी हिमालयात गेलेली नाही, ईसीयूच्या सेन्सरची वायर निघालेली किंवा तुटलेली आहे.

सगळ्या जुन्या गाड्या असं उत्तर देत नाहीत. भारतात बीएस४ बरोबर एप्रिल २०१० पासून ओबीडीचा पहिला टप्पा आला, तोही आधी १३ शहरांत. आपल्याकडची मुंबई, पुणे आणि सोलापूर त्यात होती. दुसरा टप्पा एप्रिल २०१३ चा. म्हणजे २०१३ नंतरची गाडी असेल तर जवळपास निश्चिंत राहा. २०१० ते २०१३ मधल्या बऱ्याच जोडल्या जातात. त्याआधीच्या गाडीत पोर्ट दिसलं तरी ती कंपनीच्या स्वतःच्या भाषेत बोलत असू शकते. स्वस्त नकली डोंगल जुन्या प्रोटोकॉलवर अडखळतात, तेव्हा एका डोंगलने नकार दिला म्हणून लगेच हार मानू नका. काम झालं की डोंगल काढून ठेवा, त्या सोळा पिनांतल्या एका पिनेवर बॅटरीचा करंट कायम असतो.

गाडी त्याहून जुनी असेल तर इन्फ्रारेड थर्मामीटर वापरा, तो पिस्तुलासारखा असतो तो. कोविडमध्ये कपाळावर धरायचो तो चालणार नाही, तो अंगाच्या तापापुरताच बनवलेला असतो. इंजिनमधून वरचा पाइप जिथे निघतो त्या थर्मोस्टॅटच्या घराचं तापमान घ्यायचं. ते ॲल्युमिनियमचं चकाकणारं असेल तर आकडा बराच कमी दिसतो, कारण चकचकीत धातू उष्णतेचे किरण नीट सोडत नाही. त्यावर काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवा आणि टेपवर नेम धरा. ही एक युक्ती माहीत नसल्यामुळे लोक “मीटर तर ५५ दाखवतंय” म्हणून निर्धास्त होतात.

आमच्या गाडीत डोंगल जोडला आणि संध्याकाळी बाबांच्या शेजारी बसून निघालो. काटा हळूहळू पाऊण भागावर गेला. फोनवर ८८. सिग्नलला ९४, मग पंखा लागला, पुन्हा ८९. काटा लाल पट्टीला टेकलेला आणि फोनवर ९०! म्हणजे ईसीयूच्या मते इंजिन अगदी ठणठणीत होतं. दोघांपैकी एक खोटं बोलत होता.

इथे घाई करू नका. ईसीयूचा सेन्सरही बिघडू शकतो. म्हणून तिसरा साक्षीदार घ्या. थंड गाडीत, रात्रभर उभी असताना, इग्निशन फक्त ऑन करून फोनवर कूलंटचं तापमान आणि इनटेक हवेचं तापमान बघा. दोन्ही जवळपास सारखे आणि बाहेरच्या हवेइतके असले पाहिजेत. मग इंजिन तापल्यावर इन्फ्रारेड मीटरने ताडून पाहा. आमच्याकडे तिन्ही आकडे जुळले. खोटारडा काटाच होता.

काटा कसा हलतो यातच अर्धं उत्तर आहे

मोबाइल होल्डरमध्ये दुसरा फोन लावून डॅशबोर्डचा व्हिडिओ घ्या, किंवा शेजारी बसलेल्याला घ्यायला सांगा. (गाडी चालवताना स्वतः फोनशी खेळू नका, इंजिनपेक्षा तुम्ही महाग आहात.) व्हिडिओत वेग, काटा, एसी, लाइट सगळं एकत्र दिसतं आणि गॅरेजमध्ये तोंडी सांगण्यापेक्षा ते दहा पटीने उपयोगी पडतं. “कधी कधी गरम होते” या वाक्यावरून कुणीच निदान करू शकत नाही.

व्हिडिओत सगळ्यात आधी काट्याचा वेग बघा. छोट्या गाडीतही चार-पाच लिटर पाणी आणि कितीतरी किलो लोखंड-ॲल्युमिनियम असतं. एवढा ऐवज दोन सेकंदांत तीस अंश तापत नाही आणि गारही होत नाही. काटा टुणकन उडी मारत असेल तर वायर, सेन्सर किंवा मीटर यांच्यावर संशय घ्या. फक्त एक अपवाद आहे आणि तो घातक आहे, त्यावर खाली वेगळं लिहिलंय.

काटा सावकाश वर जात असेल तर कधी जातो ते बघा. ट्रॅफिकमध्ये चढतो आणि मोकळ्या रस्त्यावर उतरतो, तर गुन्हेगार बहुतेक पंखा. गाडी पळत असताना समोरून आपोआप वारा येतो, उभी असताना सगळी मदार पंख्यावर. एसी लावून बघा. बहुतेक गाड्यांत एसी लावला की पंखा फिरतोच. एसीवर फिरतोय पण गरम झाल्यावर फिरत नाही, म्हणजे मोटर चांगली आहे आणि अडचण त्याला हुकूम देणाऱ्या स्विचमध्ये किंवा रिलेमध्ये आहे. एसीवरही फिरत नसेल तर फ्यूज, रिले, मोटर या क्रमाने बघा.

उलट असेल, म्हणजे गावात ठीक पण हायवेवर किंवा घाट चढताना काटा वर, तर रेडिएटर आतून क्षाराने बुजलेला असणं, बाहेरून जाळीत चिखल-किडे अडकलेले असणं, किंवा पाण्याचा पंप कमजोर झालेला असणं यांपैकी काहीतरी. गाडी सुरू केल्यापासून पाच-दहा मिनिटांतच काटा सरळ लालकडे धावतो, वरचा पाइप चटका देतो आणि खालचा गारच आहे, तर थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकलाय.

आणि लाइट लावल्यावर काटा वर जातो, तर ती आमची गाडी.

सकाळ-संध्याकाळचं रहस्य

व्हिडिओ परत परत बघताना लक्षात आलं की काटा चढायला सुरुवात होते तेव्हा मीटरमधले दिवेही उजळलेले आहेत. संध्याकाळ म्हणजे हेडलाइट! घराखाली उभ्या गाडीत, इंजिन चालू ठेवून, हेडलाइट, एसी आणि मागच्या काचेचा हीटर लावला. अर्ध्या मिनिटात काटा मध्यावरून पाऊणवर. सगळं बंद केलं, अर्ध्या मिनिटात परत मध्यावर. फोनवर आकडा जागचा हलला नाही.

कारण असं. काट्याच्या सेन्सरची अर्थिंग इंजिनच्या ब्लॉकमधून होते. मीटरची अर्थिंग मात्र गाडीच्या बॉडीला. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं, त्यामुळे ब्लॉक आणि बॉडी यांना जोडणारी एक जाड विणलेली पट्टी किंवा केबल लागते. अल्टरनेटर इंजिनवर असल्याने लाइट, पंखा, ब्लोअर यांचा सगळा परतीचा करंट त्याच पट्टीतून जातो. पट्टी गंजली की तिच्यात व्होल्टेज अडकतं आणि ब्लॉक बॉडीच्या तुलनेत उणे होतो. सेन्सरवर जेमतेम एखाद-दीड व्होल्ट असतात. त्यातून काही दशांश व्होल्ट कमी झाले की मीटरला वाटतं रोध कमी झाला, म्हणजे इंजिन तापलं! जितके जास्त दिवे, तितकं ‘जास्त तापमान’.

तपासायला तीनशे-चारशे रुपयांचा डिजिटल मल्टिमीटर पुरतो. डीसी व्होल्टवर ठेवा, एक टोक इंजिनच्या स्वच्छ धातूवर, दुसरं बॉडीच्या रंग नसलेल्या बोल्टवर. इंजिन चालू, हेडलाइट, ब्लोअर, एसी सगळं चालू. ०.१ व्होल्टच्या आत असेल तर छान. ०.२ च्या वर असेल तर अर्थिंग खराब. आमच्याकडे ०.४३ आलं. वायरी आणि सैल बाही फिरत्या पट्ट्यापासून लांब ठेवा, हे वेगळं सांगायला नको.

आणखी एक खूण म्हणजे पेट्रोलचा काटा. तो नीट चालत होता, कारण टाकीतला सेन्सर बॉडीला अर्थ असतो, त्याचा ब्लॉकशी संबंध नाही. टेम्परेचर आणि पेट्रोल असे दोन्ही काटे एकदम चुकीचे वागत असतील तर इंजिनकडे न बघता मीटरची स्वतःची अर्थिंग बघा. खूप जुन्या गाड्यांत मीटरमागे व्होल्टेज स्थिर ठेवणारा एक छोटा रेग्युलेटर असतो, तो गेला तरी हेच होतं.

काट्याची वायर आणि मीटर तपासायची जुनी पद्धतही सांगून ठेवतो. इग्निशन ऑन, इंजिन बंद. सेन्सरची ती एक वायर काढा, काटा ‘सी’वर गेला पाहिजे. वायर क्षणभर बॉडीला टेकवा (थेट न टेकवता मध्ये छोटा बल्ब घेतला तर मीटरला धोका कमी), काटा ‘एच’कडे उठला पाहिजे. दोन्ही झालं तर वायर आणि मीटर चांगले, सेन्सर किंवा त्याची अर्थिंग बघा. मात्र हे फक्त एका वायरच्या सेन्सरसाठी. दोन-तीन वायरींचा ईसीयूचा सेन्सर असा कधीही शॉर्ट करू नका.

काटा वरच येत नाही, तेही दुखणंच

“आमची गाडी एकदम कूल, काटा कधी पाव भागाच्या वर जात नाही” असं अभिमानाने सांगणारे भेटतात. इंजिन गार राहणं चांगलं नसतं. ते साधारण ८५-९५ अंशांसाठी बनवलेलं असतं. त्याखाली ईसीयू समजतो की इंजिन अजून तापायचंय, आणि जास्त पेट्रोल सोडत राहतो. ॲव्हरेज पडतं, ऑइलमधली वाफ उडत नाही, इंजिन लवकर झिजतं.

सगळ्यात मोठं कारण म्हणजे थर्मोस्टॅट उघडा अडकलेला असणं किंवा मुळात नसणंच! आपल्याकडे “हा व्हॉल्व थंड देशासाठी असतो, इथे लागत नाही” म्हणून तो काढून टाकायची जुनी सवय आहे. हे चूक आहे. थर्मोस्टॅट इंजिन गरम करायला नसतो, ते एका तापमानाला धरून ठेवायला असतो. नागपूरच्या मे महिन्यातही बाहेर ४५ अंशच असतात, ८५ नाही. ॲपमध्ये पी०१२८ हा कोड दिसला तर त्याचा अर्थ हाच: इंजिन अपेक्षित तापमानाला पोचत नाहीये.

थर्मोस्टॅट तपासणं सोपं आहे. त्यावर ८२ किंवा ८८ असा आकडा कोरलेला असतो. पातेल्यात पाणी घेऊन तो दोऱ्याने लटकवा आणि तापवत न्या. त्या आकड्याच्या आसपास तो उघडायला लागला पाहिजे आणि गार झाल्यावर पूर्ण मिटला पाहिजे. पातेलं परत स्वयंपाकाला नको. कूलंटमधलं इथिलीन ग्लायकॉल विषारी असतं, आणि गोडसर लागत असल्याने कुत्री-मांजरं सांडलेलं चाटतात. सांडलं तर धुऊन टाका.

सगळ्यात धोकादायक: वर गेलेला काटा अचानक खाली पडणं

हा तो अपवाद. माझा एक मित्र पुण्याहून कोल्हापूरला निघाला होता. खंबाटकी चढताना काटा वर गेला, लालच्या जवळ. हा घाबरून गाडी बाजूला घेणार, तेवढ्यात काटा धाडकन ‘सी’वर आला. याला वाटलं, चला, पंखा लागला असेल, गार झाली. निघाला पुढे. भुईंज यायच्या आधीच इंजिनने आवाज करून जीव सोडला.

झालं असं होतं की हीटरचा पाइप फुटून पाणी केव्हाच निघून गेलं होतं. हा सेन्सर पाण्यात बुडलेला असेल तरच खरं बोलतो. पाणी संपलं की तो रिकाम्या पोकळीत लटकतो, हवा पाण्याइतकी उष्णता पोचवत नाही, आणि काटा पडतो. आत धातू लालबुंद व्हायच्या बेताला असताना डॅशबोर्डवर सगळं गारेगार. या वेळी फोनवरचा ईसीयूचा आकडाही तसाच फसतो, कारण तोही सेन्सर त्याच पाण्याच्या भरवशावर असतो. म्हणजे ॲपचं सर्टिफिकेट मिळालं तरी पाण्याची पातळी डोळ्यांनी बघणं चुकत नाही.

ओळख सोपी आहे. काटा वर गेल्यानंतर अचानक पडला, हीटर गरम हवा देत असताना एकाएकी गार हवा द्यायला लागला, किंवा गोडसर वास आला, तर इंजिन ताबडतोब बंद. मित्राच्या गाडीचं हेड वाकलं होतं, पिस्टन घासले होते. पाइप मात्र दोन-तीनशे रुपयांचा.

हेड गॅस्केटचा निकाल मान्य करण्याआधी

हेड गॅस्केट खरंच जातं आणि तेव्हा खर्च टळत नाही. पण त्याच्या खुणा असतात. बाहेर कुठेही गळती नसताना पाणी कमी होत राहणं. गाडी पूर्ण तापल्यावरही सायलेन्सरमधून दाट पांढरा धूर. ऑइलच्या डिपस्टिकवर दुधाच्या चहासारखा रंग. थंड इंजिन सुरू करताच कॅप उघड्या रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे, किंवा वरचा पाइप लगेच दगडासारखा टणक.

खात्री करायला ब्लॉक टेस्ट करतात. निळं द्रव भरलेली नळी रेडिएटरच्या तोंडावर धरून आतली हवा त्यातून ओढायची. सिलिंडरमधला जळलेला वायू पाण्यात येत असेल तर त्यातल्या कार्बन डायऑक्साइडमुळे निळ्याचं पिवळं होतं. हे किट सगळ्या गॅरेजमध्ये नसतं, पण “हेड उतरवण्याआधी ब्लॉक टेस्ट किंवा कूलिंगची प्रेशर टेस्ट करून दाखवा” एवढं विचारायला काही हरकत नाही. चांगला मेकॅनिक रागावत नाही. आमच्याकडे यातली एकही खूण नव्हती, पाण्याची पातळी तीन महिन्यांत जराही हलली नव्हती.

पाण्याबद्दल दोन ओळी. बोअरचं किंवा नळाचं पाणी वर्षानुवर्षं ओतत राहिलात तर रेडिएटर आतून आपल्या गीझरच्या कॉइलसारखा होतो. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर वापरा, किंवा तयार मिसळलेलं कूलंट घ्या. हिरवं-लाल-निळं या रंगांना काही प्रमाण नाही, गाडीच्या पुस्तकात दिलेला प्रकार बघा. कॅपचं रबर चिरलं असेल तर कॅप बदला, स्वस्तात सुटाल.

आमची अर्थिंगची पट्टी गिअरबॉक्सच्या वर, बॅटरीच्या ट्रेखाली दडलेली निघाली. एका टोकाला हिरवा गंज आणि अर्ध्याहून जास्त तारा तुटलेल्या. ऑटो इलेक्ट्रिशियनने नवी पट्टी टाकली, दोन्ही बोल्टखालचा रंग पॉलिश पेपरने घासून काढला, वर ग्रीस लावलं. मजुरीसकट साडेतीनशे रुपये. मल्टिमीटरवर ०.४३ चे ०.०३ झाले. त्या रात्री हेडलाइट, एसी, ब्लोअर सगळं लावून बाबांनी मुद्दाम सोसायटीला चार चकरा मारल्या. काटा मध्यावर. मग गाडीतून उतरत म्हणाले, “रेडिएटर तरी नवा झाला ना.”